ताईंना रूट नको होतं

आषाढी वारीच्या पालख्या पुण्यातला मुक्काम आटोपून निघतात, त्या दिवशी हडपसरमधून बाहेर पडणं अवघड असतं. माउलींची पालखी दिवे घाटाकडे वळते, तुकोबांची लोणी काळभोरच्या दिशेने जाते आणि रस्ता वारकऱ्यांचा होतो. मी तिथेच राहतो आणि आमचं कॉलेज शहराच्या दुसऱ्या टोकाला, म्हणून मी रजा टाकली होती. अकराच्या सुमारास लॅबमधून आमच्या लॅब असिस्टंट ताईंचा फोन आला. ऑरल चालू होती, एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) समोर बसलेले, आणि एका मुलाला सर्व्हरवर लॉगिन करता येत नव्हतं. पासवर्ड विसरला होता आणि सगळा प्रोजेक्ट त्याच्या होम डिरेक्टरीत, म्हणजे सर्व्हरवरच्या त्याच्या फोल्डरमध्ये होता.

"सर, मुलगा रडकुंडीला आलाय. काय करू?"

बाहेर टाळ-मृदंगाचा गजर एवढा होता की मी खिडकी लावून घेतली आणि त्यांना रूटचा, म्हणजे सर्व्हरवर काहीही करू शकणाऱ्या मुख्य खात्याचा, पासवर्ड एकेक अक्षर करून सांगितला. त्यांनी तो हजेरीच्या कागदामागे लिहून घेतला, मी सांगत गेलो तसं टाइप केलं, मुलाचा पासवर्ड बदलून झाला, ऑरल पार पडली.

चूक होत्येय हे मला सांगतानाच कळत होतं. पण त्या पासवर्डचं आमच्याकडे असंच होत आलं होतं. कधी एनबीएची (अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या मंडळाची) समिती आली म्हणून, कधी मी गावी गेलो म्हणून, एकेकाला तो सांगितला गेला. ताई धरून सात जणांना माहीत होता.

दोन आठवड्यांनी लॅब उघडल्यावर एकाही मशीनवर विद्यार्थ्यांचं होम दिसेना. सर्व्हरवरच्या डिरेक्टऱ्या लॅबला ज्या फाईलमुळे मिळतात तिच्यातली एक ओळ उडाली होती. ती परत लिहायला मला पाच मिनिटं लागली, पण काय बिघडलंय ते सापडेपर्यंत अर्धा दिवस गेला. लॉगमध्ये एवढंच होतं की आदल्या दिवशी संध्याकाळी कन्सोलवरून, म्हणजे सर्व्हरसमोर बसून, रूट लॉगिन झालं. रूट म्हणजे कोण? सातांपैकी कोणीही. विभागप्रमुख म्हणजे एचओडी सरांच्या केबिनमध्ये बैठक झाली, कोणी कोणाचं नाव घेतलं नाही, पण "लॅबमध्ये संध्याकाळपर्यंत कोण असतं?" हा प्रश्न विचारला गेलाच.

बाहेर आल्यावर जिन्याजवळ ताईंनी मला थांबवलं. "सर, मला तो पासवर्ड नको. मुलांचे पासवर्ड बदलून देता आले तरी माझं काम भागतं. बाकीचं मला माहीतच नसलेलं बरं. सातांत पगाराने सगळ्यांत खाली मीच आहे. काही बिघडलं की पहिलं नाव माझंच येणार."

मी बारा वर्षं सर्व्हर सांभाळतोय. पासवर्ड वाटण्यातला धोका मी नेहमी सर्व्हरच्या बाजूने मोजला होता. ज्याच्या हातात तो दिला त्या माणसाला काय धोका आहे, हे मला त्या जिन्यापर्यंत सुचलंच नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "ताई, मला दोन दिवस द्या." लागले नऊ.

आधी सूडोचा विचार केला. सूडोअर्स फाईलमध्ये नियम लिहून एखाद्याला फक्त 'पासडब्ल्यूडी' ही पासवर्ड बदलायची आज्ञा रूटच्या वतीने चालवायची मुभा देता येते. पण तिथे खातं कोणतं हे नावाच्या नमुन्यावरून ठरवावं लागतं. रूटचं नाव वगळता येतं, तसं उदाहरण सूडोच्या मॅन्युअलमध्येच आहे. पण मला रूटबरोबर सगळे शिक्षक, ऑफिस आणि सिस्टिमची खाती वगळायची होती, आणि "हे सोडून सगळं" अशा नियमात नवं खातं आलं की तेही आपोआप आत येतं. शिवाय ताईंच्या टेबलासमोर सबमिशनच्या आठवड्यात पंधरा मुलं उभी असतात. तेव्हा टर्मिनलमध्ये एखादं अक्षर चुकून दुसऱ्याच मुलाचा पासवर्ड बदलला जाऊ शकतो. यादीतून नाव निवडणं त्यांना सोयीचं होतं.

म्हणून वेबमिन. जेमी कॅमेरॉन यांनी १९९७ मध्ये आणलेलं, पर्ल या भाषेत लिहिलेलं, सर्व्हर सांभाळायचं हे साधन आमच्या सर्व्हरवर आधीपासून होतं. ब्राउझरमधून १०००० क्रमांकाच्या पोर्टवर उघडतं आणि प्रत्येक कामासाठी त्यात वेगळं मॉड्यूल असतं. आजवर ते मी एकटाच वापरत होतो. लॅबसाठी उघडण्याआधी पहिल्यांदा आवृत्ती तपासली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वेबमिनच्या १.८९० ते १.९२० या आवृत्त्यांत चोरदरवाजा सापडला होता, तोही मुदत संपलेला पासवर्ड बदलण्याच्या स्क्रिप्टमध्ये. मूळ कोडमध्ये तो नव्हता, बिल्ड सर्व्हरमध्ये शिरून कोणीतरी घातला होता, आणि १.९३० मध्ये काढला गेला. आमची आवृत्ती त्याच्या बरीच पुढची होती. तरी अपडेट करून घेतली.

ताईंसाठी वेबमिनमध्ये नवा वापरकर्ता तयार केला. वेबमिनचा वापरकर्ता सर्व्हरवरच्या लिनक्सचा वापरकर्ता असावाच लागत नाही, ही त्यातली चांगली सोय. ताईंना शेल (आज्ञा टाइप करायची जागा) नाही, होम डिरेक्टरी नाही, फक्त वेबमिनपुरतं नाव. मॉड्यूलच्या लांबलचक यादीत एकाच चौकटीवर टिक केली: पासवर्ड बदलणे. 'युजर्स अँड ग्रुप्स' हे मोठं मॉड्यूल मुद्दाम दिलं नाही, कारण त्यात खाती काढणं-घालणंही येतं.

पहिल्या दिवशी ताईंना लॉगिनचं पानही दिसलं नाही. त्यांच्या मशीनच्या पत्त्याला प्रवेश नाही, एवढाच निरोप. याचं कारण मीच होतो. पूर्वी कधीतरी मी वेबमिन फक्त ऑफिसच्या नेटवर्कपुरतं ठेवलं होतं आणि लॅबचं नेटवर्क वेगळं आहे. लॅबचं अख्खं नेटवर्क न उघडता ताईंच्या टेबलावरच्या मशीनला कायमचा पत्ता दिला आणि तेवढाच यादीत घातला. मग लॉगिनचं पान आलं, पण लॉगिन होईना. मी कागदावर लिहून दिलेल्या पासवर्डातलं शून्य त्यांनी ओ वाचलं होतं. लागोपाठ पाच चुका झाल्या की वेबमिन तो पत्ता थोडा वेळ अडवून ठेवतं, त्यामुळे बरोबर पासवर्ड टाकूनही नकारच येत राहिला. हे सगळं वेबमिनच्या 'मिनीसर्व्ह' या सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं. तो लॉग मी तासभर उशिरा उघडला.

दुसऱ्या दिवशी ताई आत गेल्या. मी शेजारी उभा होतो. डावीकडे एकच मॉड्यूल, मनासारखं. त्यांनी ते उघडलं आणि माझ्या पोटात गोळा आला. नावांची यादी आली आणि त्यात पहिलंच नाव रूट.

वेबमिन पर्लमध्ये लिहिलेला एक सर्व्हर आहे आणि तो स्वतः रूट म्हणूनच चालतो. पासवर्ड बदलायचा तर ते जिथे साठवतात त्या शॅडो फाईलमध्ये लिहावं लागतं आणि तिथे रूटखेरीज कोणालाच लिहिता येत नाही, त्यामुळे त्याला पर्याय नाही. म्हणजे ताईंनी बटण दाबलं की काम करणारा हात रूटचाच असतो. त्या हाताने कोणापुरतं काम करायचं, हे लिनक्स ठरवत नाही, मॉड्यूलचा कोड ठरवतो. यात परवानगीचे दोन थर आहेत. एका फाईलमध्ये वापरकर्त्यासमोर मॉड्यूलांची नावं असतात, ती म्हणजे दारं. आणि प्रत्येक मॉड्यूलच्या डिरेक्टरीत त्या वापरकर्त्याच्या नावाची एक छोटी फाईल असते, ती म्हणजे दारातून आत गेल्यावर काय करता येईल. ही दुसरी फाईल नसेल तर मॉड्यूलची मूळ ठेवण लागू होते, आणि या मॉड्यूलची मूळ ठेवण आहे 'सर्व वापरकर्ते'. मी दार उघडून दिलं होतं आणि आतलं काहीच ठरवलं नव्हतं. अशा स्थितीत एका मॉड्यूलची परवानगी म्हणजे अख्खा सर्व्हर. रूटचा पासवर्ड माहीत नसताना बदलता येतो म्हटल्यावर राहिलं काय? क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारं) किंवा फाईल मॅनेजरसारखं मॉड्यूल कोणाला देताना तर याहून शंभरदा विचार करावा.

वापरकर्त्याच्या पानावर मॉड्यूलच्या नावावर क्लिक केलं की आतल्या परवानग्या उघडतात. कोणाचे पासवर्ड बदलता येतील: सर्वांचे, फक्त या नावांचे, ही नावं सोडून, अमुक ते तमुक यूआयडीचे (खात्याच्या क्रमांकाचे), अमुक ग्रुपमधल्यांचे. मी यूआयडी निवडला. आमच्या सर्व्हरवरच्या उबुंटू लिनक्समध्ये साध्या वापरकर्त्यांचे क्रमांक १००० पासून सुरू होतात, त्याखालचे सिस्टिमचे. म्हणून १००० पासून पुढे. रूटचा क्रमांक ० असतो, तो आपोआप बाहेर. सेव्ह केलं. ताईंनी पान परत उघडलं. रूट गेलं होतं.

"सर, आता तुमचं नाव पहिलं आलं."

खरंच होतं ते. उबुंटू बसवताना जे पहिलं खातं तयार होतं त्याला १००० हा क्रमांक मिळतो आणि तेच सूडो ग्रुपमध्येही जातं. म्हणजे माझा पासवर्ड बदलायचा, माझ्या नावाने आत यायचं आणि सूडो वापरून रूट व्हायचं. पुढचं दार लावून मी मागचं सताड ठेवलं होतं. ताईंनी तसं काही केलं नसतं. पण त्यांच्यावर तसा संशय घेता येईल अशी जागाच ठेवायची नाही, यासाठी तर हे चाललं होतं.

सुरुवात १००१ पासून करून ते भागलं असतं. पण मग खात्यांची यादी काढून बसलो आणि क्रमांकांवर विसंबता येणार नाही हे दिसलं. शिक्षकांची खाती विद्यार्थ्यांच्या मध्येमध्ये आहेत, कारण खाती आली त्या क्रमाने तयार झाली. उलट काही विद्यार्थी १००० च्या खाली होते. आमचा जुना सर्व्हर सेंटओएस ६ या दुसऱ्या लिनक्सवर होता, तिथे साधी खाती ५०० पासून सुरू व्हायची. नव्या सर्व्हरवर येताना ते क्रमांक तसेच ठेवावे लागले, कारण फाईलची मालकी डिस्कवर नावाने नाही, क्रमांकाने नोंदलेली असते. एमई इथेच करून आता पीएचडी करणारी एक मुलगी अजून त्याच जुन्या खात्यावर आहे. तिचं नाव ताईंच्या यादीत कधीच आलं नसतं, आणि का नाही याचा कसलाही निरोप मिळाला नसता. मॉड्यूल ज्यांना बदलता येत नाही त्यांची नावं दाखवतच नाही. ताई म्हणाल्या असत्या, "हिचं खातंच नाहीये."

मग ग्रुपवर आलो. विद्यार्थ्यांचा एक ग्रुप होताच. तो लावला आणि यादी निम्म्यावर आली. मागच्या दोन वर्षांची मुलं गायब. त्यांची खाती तयार करताना प्रत्येकाचा स्वतःच्या नावाचा ग्रुप प्राथमिक ठरला होता आणि विद्यार्थ्यांचा ग्रुप दुय्यम म्हणून जोडला होता. सिस्टिमची नेहमीची रीतच तशी आहे. मॉड्यूलमध्ये दुय्यम ग्रुपही धरायचा पर्याय आहे, तो लावल्यावर मुलं परत आली.

त्यांच्याबरोबर आणखी एक जण आला. तीन वर्षांपूर्वी शेवटच्या वर्षाला असताना मला लॅबच्या कामात फार मदत करणारा एक मुलगा होता. हुशार आणि सज्जन. त्याला मी सूडोमध्ये घातलं होतं, आणि तो पास होऊन नोकरीला लागल्यावर काढायचं राहून गेलं. त्याचं खातं विद्यार्थी ग्रुपमध्येही होतं आणि सूडोमध्येही. तीन वर्षं ते तसंच उघडं पडलेलं. ताईंची परवानगी नीट करायला बसलो नसतो तर अजून किती वर्षं राहिलं असतं कोण जाणे. त्या दुपारी मी ताईंचं काम बाजूला ठेवलं, सूडो आणि लॉग वाचू देणाऱ्या अ‍ॅडम ग्रुपमधलं प्रत्येक नाव तपासलं, पास होऊन गेलेल्यांची खाती बंद केली. चार तास गेले. या सगळ्या प्रकरणात सर्व्हरला सर्वांत जास्त फायदा त्या चार तासांनी झाला असं मला वाटतं.

पाचव्या दिवशी ताईंची यादी बरोबर होती. सगळे विद्यार्थी, शिक्षक कोणी नाही, मी नाही, रूट नाही. त्यांनी आठवडाअखेर सहा-सात मुलांचे पासवर्ड बदलून दिले. पुढच्या लॉगिनला मुलाने स्वतःचा पासवर्ड ठेवलाच पाहिजे, ही चौकट त्या न सांगता लावत होत्या.

सोमवारी सकाळी मी कात्रजच्या बोगद्याजवळ ट्रॅफिकमध्ये असताना त्यांचा फोन. "सर, यादीत परत रूट दिसतंय. मी कशालाही हात लावला नाहीये."

आधी वाटलं ब्राउझरने जुनं पान दाखवलं असेल. तसं नव्हतं. शनिवारी मी दुसऱ्या पाळीच्या असिस्टंट काकांचंही नाव वेबमिनमध्ये घातलं होतं. दोघांना एकच नियम असावा म्हणून वेबमिनचा एक ग्रुप केला, ताईंनाही त्यात टाकलं, आणि निघायच्या घाईत ग्रुपचं मॉड्यूलचं पान उघडून तसंच सेव्ह केलं. वेबमिनचा ग्रुप लिनक्सच्या ग्रुपपेक्षा वेगळा असतो. त्याच्या परवानग्या सेव्ह केल्या की त्या प्रत्येक सदस्याच्या फाईलवर उतरवल्या जातात. ग्रुपच्या पानावर मी काहीच ठरवलं नव्हतं, म्हणून तिथे मूळ ठेवण होती, 'सर्व वापरकर्ते', आणि तीच ताईंच्या पाच दिवस घासूनपुसून केलेल्या परवानगीवर जाऊन बसली. ना इशारा, ना चूक. वरून पाहिलं तर सगळं व्यवस्थित.

यात मला जे लागलं ते असं: शनिवार दुपार ते सोमवार सकाळ अख्खा सर्व्हर दोघांना मोकळा होता, आणि मला ते लॉगने नाही, ज्यांना हक्क कमी करून हवा होता त्या बाईंनी सांगितलं. त्या गप्प राहिल्या असत्या तरी कोणाला कळलं नसतं. मी त्यांना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, "मला दिसलं म्हणून सांगितलं, सर. मुलं थांबलीत, लवकर करा."

कॉलेजात पोचल्यावर आधी ग्रुपचा नियम नीट लिहिला, मग सदस्य तपासले, आणि वैयक्तिक पानावर परत काही बदलायचं नाही असं ठरवलं. नियम एकाच जागी, ग्रुपवर. प्रत्येकाची ती छोटी फाईल टर्मिनलमध्ये उघडून डोळ्यांनी वाचली, कारण पडद्यावरच्या यादीवर माझा भरवसा उरला नव्हता.

नवव्या दिवशी ताईंना आणि काकांना शेजारी बसवलं आणि सांगितलं, तुम्हाला जमू नये ते सगळं करून बघा. ताईंनी एचओडी सरांचं नाव शोधलं, नव्हतं. काकांनी माझ्या मशीनवर जाऊन दुसऱ्या मॉड्यूलचा पत्ता बघितला आणि स्वतःच्या ब्राउझरमध्ये टाकला. या मॉड्यूलची परवानगी नाही, असा नकार आला. हे करून बघायचं त्यांना सुचलं याचं मला कौतुक वाटलं. मग एका मुलाचं पत्त्यात दिसणारं नाव बदलून त्यांनी तिथे रूट लिहिलं. तिथेही नकार. यादीत नाव नसणं आणि मागूनही न मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी तपासल्याशिवाय पहिलीला अर्थ नाही.

मग त्यांना वेबमिनच्या कामांची नोंद दाखवली. तारीख, वेळ, कोणी, कुठल्या पत्त्यावरून, कोणाचा पासवर्ड. ताईंनी आपल्या नावाच्या ओळी खालपर्यंत वाचल्या आणि विचारलं, "म्हणजे यात जे नाही ते मी केलेलं नाही, बरोबर?" मी म्हटलं, वेबमिनमधून तरी नाही. आणि रूटचा पासवर्ड आजच बदलतोय, तो तुम्हाला सांगणार नाही. "सांगूच नका," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी पासवर्ड बदलला. आता तो माझ्याकडे आहे आणि एचओडी सरांच्या कपाटात सीलबंद पाकिटात. उरलेल्यांपैकी दोघांना वाईट वाटलं. एकाने विचारलं, माझ्यावर विश्वास नाही का? त्यांच्याशी मी चहा घेत बराच वेळ बोललो. ओळ उडाली त्या संध्याकाळी तेही लॅबमध्ये होते, आणि ती कोणी उडवली हे आजही मला सांगता येणार नाही. हे ऐकल्यावर ते गप्प झाले. मग म्हणाले, मलाही ताईंसारखंच काहीतरी करून द्या.

परवा ताईंनी प्रिंटरचं विचारलंय. सबमिशनच्या वेळी एखाद्याची दोनशे पानांची फाईल अडकते आणि मागची सगळी रांग थांबते, ती काढायची मुभा हवी. प्रिंटरचं मॉड्यूल मी अजून त्यांना दिलेलं नाही. चाचणीच्या मशीनवर बसवलंय, आणि त्यात एकही परवानगी न ठरवता काय काय करता येतं, ते आधी लिहून काढतोय.